जमिनीचा मगदूर आणि उसाची तहान

जमिनीचा मगदूर ओळखण्याचा उद्योग आपल्याकडे पूर्वापार दोन पक्ष करीत आले आहेत: एक, जिला त्या जमिनीतून आपले पोट भरावयाचे असते ती रयत, आणि दुसरा, ज्याला त्या रयतेकडून सारा वसूल करावयाचा असतो ते सरकार. या दोघांच्या जोडीला अलीकडे एक तिसरा परीक्षक आला आहे. शेताच्या बांधावर पाऊलही न ठेवता, उपग्रहांनी टिपलेली चित्रे, पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि मृदासर्वेक्षणाचे तक्ते यांचे थर संगणकात एकावर एक रचून, अमुक पिकास अमुक जमीन कितपत योग्य आहे याचा निवाडा तो हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांनी नकाशावर उमटवितो. साखरेबरोबर इथेनॉलचीही मागणी वाढल्यापासून उसासाठी काढलेल्या अशा नकाशांकडे कारखानदारांचे आणि नियोजनकारांचे लक्ष विशेष गेले आहे. मालव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या इंदूरसारख्या ठिकाणाचा असा नकाशा काढावयाचा झाल्यास तो कसा काढतात, त्यावर विश्वास किती ठेवावा, आणि त्याला कोणता प्रश्न विचारावयाचे आपण बहुधा विसरतो, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पाहणी केली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालात जिचे नियम कायम झाले, त्या बंदोबस्ताच्या पद्धतीत आजच्या नकाशाचे जवळजवळ सर्व अवयव सापडतात. शेताचे कागदावर समान भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातांनी मोजावयाची, रंग आणि पोत पाहून तिचा वर्ग ठरवावयाचा, आणि मग तिला आण्यांत किंमत द्यावयाची, अशी ती रीत होती. उत्तम वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर तिची किंमत सोळा आणे. खोली पाव पाव हाताने घटेल तसतशी ती चौदा, बारा, दहा अशी उतरत जाई, आणि सर्वांत निकृष्ट प्रतीला दोनच आणे मिळत. चुनखडी, वाळूची भेसळ, उतार, पाझराचे अतिरिक्त पाणी असे सात दोष ठरविलेले होते, आणि ज्या भागात त्यांपैकी एक आढळेल तो भाग एका प्रतीने खाली उतरविला जाई. खोलीला आणि पोताला गुण द्यावेत, दोषांबद्दल ते कापावेत, आणि बेरजेवरून दर्जा ठरवावा, ही युक्ती संगणकाच्या जन्माआधी शंभर वर्षे प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाच्या हाती आलेली होती.

फरक आहे तो एका महत्त्वाच्या गोष्टीत. त्या प्रतबंदीत जमीन चांगली की वाईट एवढाच प्रश्न होता. कोणत्या पिकासाठी, हा प्रश्न जवळजवळ गृहीतच होता, कारण दख्खनच्या त्या भागात ज्वारी-बाजरीची जिराईत शेती हाच सर्वत्र शिरस्ता होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1976 मध्ये भूमि-मूल्यमापनाची जी चौकट प्रसिद्ध केली, तिने हे गृहीत मोडले. जमीन स्वतः चांगली किंवा वाईट नसते, ती एखाद्या विशिष्ट उपयोगासाठी चांगली किंवा वाईट असते, हे तिचे मूलतत्त्व होय; आणि म्हणून प्रत्येक पिकाच्या गरजांचा तक्ता एका हाती आणि जमिनीच्या गुणांचा तक्ता दुसऱ्या हाती घेऊन दोहोंचा मेळ किती बसतो, त्यावरून अति योग्य, मध्यम योग्य, अल्प योग्य आणि अयोग्य अशा श्रेणी लावाव्यात, असे तिने सांगितले. योगायोगाने त्याच साली स्थापन झालेल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेने पुढे देशभरच्या मातीचे नकाशे काढून, हवामान आणि माती यांच्या आधारे भारताचे वीस कृषि-पर्यावरणीय प्रदेश पाडले.

आता उसाच्या गरजांचा तक्ता पाहू. कांडीला कोंब फुटताना तीस अंशांवर, साधारण 32 ते 38 अंश सेल्सिअस उष्णता लाभली तर उगवण उत्तम होते. वाढीच्या काळात दिवसाचे सरासरी तापमान 22 ते 30 अंशांच्या दरम्यान असावे, वीस अंशांखाली ही वाढ मंदावते. परंतु पक्वतेच्या वेळी मात्र 10 ते 20 अंशांचा गारवा हवा असतो, कारण वाढ थांबल्यावाचून कांड्यांत साखर साठत नाही. माती मीटरभर तरी खोल असावी, तिचा सामू 5 ते 8.5 यांमध्ये, शक्यतो साडेसहाच्या आसपास असावा, भूजलाची पातळी मुळांच्या फार जवळ येऊ नये, आणि खारटपणा बेताचा असावा. सर्वांत मोठी गरज पाण्याची. हंगामाची लांबी आणि हवेची शुष्कता यांनुसार एका पिकाला 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागते, आणि तेही वर्षभर विभागून. महाराष्ट्रात सुरू ऊस बारा महिने उभा असतो, आणि आडसाली तर सोळा ते अठरा महिने रान अडवून बसतो. म्हणजे एका पावसाळ्यावर भागेल असे हे पीकच नव्हे.

या तक्त्यासमोर इंदूरची जमीन उभी केली म्हणजे चित्र मोठे मनोरंजक दिसते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, जानेवारीच्या रात्री दहा अंशांपर्यंत उतरतात; म्हणजे उन्हाळी उगवण आणि हिवाळी पक्वता या दोन्ही टोकांची सोय निसर्गानेच केलेली आहे. पाऊस साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून मोकळा होतो. माती म्हणावी तर या परिसरातील खोल काळ्या मातीचा जो नमुना मृदाशास्त्रज्ञांनी सरोल श्रेणी या नावाने नोंदविला आहे, त्याचा खड्डा खणून पाहावा: निम्म्याहून अधिक चिकणमाती, पावसात फुगून चिकट होणारी आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगांनी उलणारी, खाली फूट-दोन फुटांवर मातीच्या ढेकळांच्या बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत, चकचकीत झालेल्या, आणि आणखी खाली चुनखडीचे पांढुरके खडे. खोली भरपूर, सामू आठच्या आसपास, ओलावा धरून ठेवण्याची शक्ती विलक्षण. परंतु भेगा मिटल्या की पाण्याला खाली जाण्याचा मार्गही तितकाच बंद. आणि ही झाली दरीतली आणि सखल रानातली कथा. त्याच मौजाच्या टेकाडावर चढावे तर वीतभर भुऱ्या किंवा बरडी मातीखाली मुरूम लागतो.

हे सर्व नकाशात भरावयाचे म्हणजे प्रथम थर गोळा करावयाचे. तापमान आणि पाऊस यांचे जागतिक तक्ते आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक बहुप्रचलित तक्ता 1970 ते 2000 या तीस वर्षांची सरासरी सुमारे एक किलोमीटरच्या चौकटींत देतो. मातीचा पोत, सामू, सेंद्रिय अंश यांचा नेदरलँड्समध्ये तयार झालेला तक्ता अडीचशे मीटरच्या चौकटींत मिळतो. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीवरून उतार काढता येतो. मग प्रत्येक थराला गुण द्यावयाचे आणि कोणत्या थराचे वजन किती हे ठरवावयाचे. या शेवटच्या कामासाठी अमेरिकन गणिती थॉमस साटी याने 1970 च्या दशकात मांडलेली पद्धत बहुधा वापरतात: तज्ज्ञाला एका वेळी दोनच गोष्टी पुढे ठेवून पहिली दुसरीपेक्षा किती महत्त्वाची हे एक ते नऊ या आकड्यांत विचारावयाचे, अशा सर्व जोड्यांच्या उत्तरांवरून वजने काढावयाची, आणि उत्तरांत परस्परविरोध फार असल्यास ती परत पाठवावयाची.

ही रीत एका काल्पनिक चौकटीवर लावून पाहू. समजा, इंदूर जिल्ह्यातील सांवेर तहसिलीतल्या एका सखल, काळ्या रानाचा निवाडा करावयाचा आहे, आणि तज्ज्ञांच्या मते वजने अशी आहेत: पाणी शेकडा 40, निचरा 25, तापमान 20, खोली 10 आणि सामू 5. दहापैकी गुण द्यावयाचे तर केवळ पावसाच्या भरवशावर पाण्याला 2, निचऱ्याला 5, तापमानाला 7, खोलीला 9 आणि सामूला 7 असे समजू. वजनांनी गुणून बेरीज येते 4.7, म्हणजे चार ते सहा ही अल्प योग्य श्रेणी धरल्यास रान पिवळे. आता ओलिताची सोय आहे एवढेच गृहीत धरा: पाण्याचे गुण 2 चे 9 होतात, बेरीज 7.5 वर जाते, आणि रान मध्यम योग्य ठरते. चर खणून निचराही सुधारता येईल असे मानून त्याला 8 गुण दिले की बेरीज 8.25, आणि तेच रान गर्द हिरवे. मातीचा एक कण बदलला नाही, पावसाचा एक थेंब अधिक पडला नाही. बदलली ती केवळ नकाशा काढणाराची गृहीते. शास्त्रात याला प्रचलित योग्यता आणि संभाव्य योग्यता अशी दोन वेगळी नावे आहेत, आणि प्रामाणिक नकाशावर कोणती दाखविली आहे हे लिहिलेले असते. परंतु नकाशा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ती ओळ गळून पडावयास वेळ लागत नाही, आणि रंग तेवढे उरतात.

याहून खोल अडचण बेरजेतच आहे. पाण्याला दोन गुण मिळूनही रान अयोग्य न ठरता अल्प योग्य ठरले, ते कोणाच्या जिवावर? खोलीच्या आणि तापमानाच्या. परंतु शाळेच्या गुणपत्रिकेत एकूण बेरीज चांगली असली तरी एका विषयात गटांगळी खाल्लेला विद्यार्थी ज्याप्रमाणे नापासच, त्याप्रमाणे उसाला खोल मातीने पाण्याची उणीव भरून देता येत नाही. ज्या द्रव्याची टंचाई सर्वांत अधिक, तेच पिकाची मर्यादा ठरविते, हा लीबिगच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम येथे लावला, म्हणजे पाचही गुणांपैकी सर्वांत लहान गुण हाच निकाल मानला, तर आमचे सांवेरचे रान दोन गुणांनिशी सरळ अयोग्य ठरते. एकाच माहितीवरून, दोन तितक्याच शास्त्रीय रीतींनी, दोन वेगळे निकाल निघतात. आणि त्यांपैकी कोणता खरा, हे गणित सांगू शकत नाही, ते पिकाच्या आणि पाण्याच्या अनुभवाने ठरवावे लागते.

असा अनुभव महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. ज्या इंदापूर तालुक्यात प्रतबंदीची सुरुवात झाली, त्याच्या बाजूस 1885 मध्ये नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. जिराईतात खोल काळी जमीन सोळा आण्यांची, कारण ती पावसाचा ओलावा महिनोन्‌महिने धरून ठेवी. परंतु तिलाच बारमाही पाणी मिळू लागताच ते खाली झिरपेना, भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि पुष्कळ उत्तम रान चिबड आणि चोपण होऊन बसले. उलट, मध्यम खोलीची, मुरमावर बसलेली, म्हणून कमी आण्यांची जमीन निचऱ्यामुळे उसाला अधिक मानवली. 1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि तेथे बसू आणि शिरूर या मृदाशास्त्रज्ञांनी नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांच्या लाभक्षेत्रातील मातीचे खड्डे घेऊन, तिच्या उत्पत्तीप्रमाणे आणि थरांप्रमाणे प्रकार पाडले. त्यांचे हे काम 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. उसासाठी जमीन निवडण्याचा आपल्याकडील हा आद्य शास्त्रीय प्रयत्नांपैकी एक होय, आणि त्याचा धडा असा की, पाणी बदलले म्हणजे गुणाचा दोष होतो. सरोलची काळी माती नकाशात खोलीचे नऊ गुण घेऊन मिरविते तेव्हा नीरेकाठचा हा इतिहास तिच्या बाजूला मांडून ठेवला पाहिजे.

इंदूरलाही या बाबतीत आपला वारसा आहे. 1924 मध्ये येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली आणि आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. 1931 पर्यंत ते येथे होते. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी सिद्ध केलेली खत कुजविण्याची रीत इंदूर पद्धत या नावाने जगभर गेली, आणि त्या संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. संस्थेचे मूळ काम कापसाचे होते. परंतु काळ्या जमिनीत साचणारे पावसाळी पाणी वेळीच बाहेर काढणे आणि तिच्यातील सेंद्रिय अंश वाढविणे या दोन गोष्टींवर हॉवर्ड यांनी जो भर दिला, त्यातून नकाशाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते: निचरा आणि कस हे मातीचे स्थायी गुण नसून शेतकऱ्याच्या मेहनतीने वाढणारे आणि हयगयीने घटणारे गुण आहेत. खोली आणि उतार मनुष्य सहसा बदलू शकत नाही. म्हणून स्थायी आणि सुधारणीय गुणांना एकाच तराजूत टाकणे बरोबर नाही.

सरासरीचीही एक फसगत आहे. इंदूरच्या जानेवारीचे सरासरी तापमान पाहिले तर उसाच्या पक्वतेस ते पोषक. परंतु मालव्यात एखाद्या वर्षी दोन-तीन रात्री असे हिम पडते, ज्यास इकडे पाला म्हणतात, की उभ्या पिकाचे शेंडे करपून जातात. तीस वर्षांच्या सरासरीत त्या दोन रात्री कोठेच दिसत नाहीत. चौकटीच्या आकाराचेही तसेच. अडीचशे मीटरची चौकट म्हणजे सव्वासहा हेक्टर, सुमारे पंधरा एकर. आणि एक किलोमीटरची म्हणजे शंभर हेक्टर. ज्या गावात टेकाडावरची बरडी आणि ओढ्याकाठची काळी यांत चार शेतांचेही अंतर नाही, तेथे अशी चौकट दोहोंचे मिश्रण करून जे सांगते ते दोहोंपैकी कोणत्याच शेताबद्दल खरे नसते. जिल्ह्याच्या नियोजनास असा नकाशा उपयोगी. एकट्या खातेदाराने मात्र त्यावर विसंबण्याआधी खड्डा खणून पाहणे आणि माती तपासून घेणे याला पर्याय नाही.

आणि ऊस म्हणजे केवळ शेत नव्हे, कारखानाही होय. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला गेला नाही तर त्यातील साखर घटू लागते. म्हणून ऊस कारखान्याच्या जवळपासचाच लागतो, आणि तो प्रत्येकाला पुरेसा मिळावा यासाठी दोन कारखान्यांमध्ये किमान अंतर असावे असा कायदा झाला, देशात ते 15 किलोमीटर तर महाराष्ट्रात 25. याचा अर्थ असा की, योग्य जमीन जिल्हाभर विखुरलेली असून चालत नाही. ती एका वर्तुळात, पुरेशा प्रमाणात आणि दरवर्षी खात्रीच्या पाण्यासह असावी लागते. सांवेर तहसिलीतच बरलई येथे मालवा सहकारी शक्कर कारखाना होता, तो बंद पडून कित्येक वर्षे लोटली. कारखाना बंद पडण्याची कारणे नेहमीच अनेक पदरी असतात, आणि ती सारी मातीत शोधणे अन्यायाचे होईल. परंतु नव्याने कोणी या भागाचा उसाचा नकाशा काढील तर त्याने रस्ते आणि गाळपाचे अंतर हेही थर त्यात घातले पाहिजेत, हे या एका उदाहरणावरून पटावे.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तोच मुख्य. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उसाला दोन हजार मिलिमीटर लागतात आणि त्यांपैकी पावसाने पाचशे उपयोगी पडले असे धरले, तरी उरलेले दीड हजार म्हणजे दर हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी वर्षाकाठी कोठून तरी आणले पाहिजे. ठिबकाने त्यात मोठी काटकसर होते, पण प्रश्न मिटत नाही. याच मध्य प्रदेशात नरसिंहपूर जिल्हा उसासाठी आणि करेली-गाडरवाड्याच्या गुळासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील मातीही काळीच. परंतु तेथे मातीखाली नर्मदेच्या खोऱ्यातील गाळाचे जाड थर आहेत, जे पाणी पोटात साठवितात. मालव्यात मातीखाली दख्खनचा काळा कातळ आहे, आणि त्यात पाणी सापडावयाचे ते केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हवामान आणि माती एवढ्या दोनच थरांवर काढलेला नकाशा हा भेद दाखवूच शकत नाही, कारण तो भेद मातीत नाही, मातीखाली आहे. मालव्याच्या भूमीत पावलोपावली पाणी असल्याची जी लोकोक्ती आहे, ती विहिरींच्या काळची. कूपनलिकांनी केलेल्या उपशामुळे इंदूर जिल्ह्याचे भूजल आज अतिउपशाच्या श्रेणीत मोडते. खुद्द शहराला 1978 पासून सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून नर्मदेचे पाणी चढवून आणावे लागते, आणि क्षिप्रेला वाहती ठेवण्यासाठी 2014 मध्ये नर्मदेशी जोडावे लागले. अशा ठिकाणी ओलिताची सोय आहे हे गृहीतक लिहिणे कागदावर सोपे, पण त्याचा भार कोणत्या विहिरीवर आणि कोणाच्या नळावर पडणार, हे त्याच कागदावर लिहिले पाहिजे. तसे न लिहिल्याने काय होते याचे स्मरण मराठवाड्याने करून दिले आहे. उसाच्या पट्ट्यात गणल्या जाणाऱ्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले.

मालव्याचाच दुसरा अनुभव याच्या उलट आहे. पूर्वी येथील खोल काळी राने पावसाळ्यात चिखलामुळे पडीत ठेवीत आणि साठलेल्या ओलाव्यावर हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. 1970 नंतर सोयाबीन आले, आणि त्याने नव्या कालव्याची अथवा विहिरीची मागणी न करता ते पडीत महिने भरून काढले. पुढे 1987 मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच स्थापन झाले. सोयाबीनचे स्वतःचे दोष आहेत, भावाची आणि रोगांची रडकथा आहे; पण त्याचा प्रसार झाला तो या प्रदेशाच्या पावसाच्या मुदतीत ते बसले म्हणून. उसाचा नकाशा विचारतो की या पिकासाठी योग्य जमीन कोठे आहे. सोयाबीनची कहाणी विचारते की या जमिनीसाठी योग्य पीक कोणते आहे. हे दोन प्रश्न एक नव्हेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे उत्तर म्हणून स्वीकारणे हीच या सर्व व्यवहारातली खरी चूक होय.

म्हणून असा नकाशा एखाद्या सभेत, बँकेत अथवा ग्रामपंचायतीत समोर आला, तर रंगांकडे पाहण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पाणी पावसाचे धरले आहे की ओलिताचे, आणि ओलिताचे असल्यास ते कोठून? गुणांची बेरीज केली आहे की सर्वांत कमी गुण हा निकाल मानला आहे? आकडे कोणत्या वर्षांचे आणि चौकट किती एकरांची? आणि याच जमिनीवर दुसरी दोन-तीन पिके ताडून पाहिली आहेत काय? चारही उत्तरे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेली सापडली तर तो एक उत्तम दस्तऐवज आहे, त्याचा उपयोग अवश्य करावा. सापडली नाहीत, तर नकाशा मागे पाठवून ती लिहून आणावयास सांगण्याचा अधिकार ज्याची जमीन आहे त्याला आहे, आणि तो त्याने बजावावा.